बाहेरगावचे गायक-वादक येणारेत? पहिल्या फोनपासून गाडीत बसवेपर्यंत काय काय बघायचं

आपल्या मराठवाड्यात पाहुण्याला कमी पडू देत नाहीत, उलट जास्तच होतं. तरीही मैफलीला आलेले कलाकार मनातून नाराज होऊन गेलेले मी बघितलेत. जेवण उत्तम, शाल भारीतली, हार हातभर, आणि ताईंना गाण्याआधी दहा मिनिटं शांत बसायला जागा नाही. असं का होतं तर आपण आपल्या हौशीनं सगळं करतो, त्यांना काय लागतं ते कुणी विचारतच नाही. विचारलं तर निम्मी कामं तिथंच सुटतात.

हे लिहितोय ते तालुक्याच्या गावात, शाळेच्या हॉलमधे, मंगल कार्यालयात, मंदिराच्या सभामंडपात कार्यक्रम करणाऱ्यांसाठी. संभाजीनगरला तापडिया किंवा एकनाथ रंगमंदिर, परभणीला बी. रघुनाथ सभागृह, अशा ठिकाणी निदान मेकअप रूम नावाची खोली तरी असते. अंबाजोगाईला नोव्हेंबरात यशवंतराव चव्हाण स्मृती समारोह होतो, तिथल्या लोकांना इतक्या वर्षांची सवय झालेली आहे. पण गणपतीत, कोजागिरीला, कुणाच्या तरी स्मृतिदिनाला पहिल्यांदाच मोठा कलाकार बोलावणारी मंडळं भरपूर आहेत आणि त्यांना हे सांगणारं कुणी नसतं.

पहिला फोन, आणि बोलणारा माणूस एकच

तारीख ठरली की सगळ्यात आधी एक माणूस नेमा. कलाकारांशी बोलणार तो एकटाच. अध्यक्ष वेगळं सांगतात, सचिव वेगळं सांगतात, आणि तिसरा कुणी रात्री साडेदहाला फोन करून विचारतो की ताई अभंग पण गाणार का, तर असं होऊ देऊ नका. तो माणूस शांत पाहिजे, फोन उचलणारा पाहिजे आणि कार्यक्रमाच्या दिवशी त्याला दुसरं कुठलंही काम द्यायचं नाही, सूत्रसंचालन तर अजिबातच नाही.

फोनवर बोलणं झालं तरी सगळं परत व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवा म्हणजे दोन्हीकडं राहतं. मी साधारण असा मेसेज पाठवतो:

"नमस्कार ताई. आपल्यासोबत एकूण किती जण येणार? तबला, पेटी, तानपुऱ्याला कोण? आपली पट्टी कोणती? तानपुरे आपण आणणार की आम्ही बघायचे? गाण्याआधी किती वाजता आणि काय खाता? काय अजिबात चालत नाही? चहा कसा? पाणी कोमट की साधं? राहण्याच्या ठिकाणी आणि हॉलवर कमोड लागेल का? पायऱ्या चढायला त्रास आहे का? रेकॉर्डिंग चालेल का?"

कमोडचं विचारायला लोक लाजतात. लाजू नका. वय झालेल्या कलाकारांचे गुडघे गेलेले असतात आणि आपल्याकडच्या कितीतरी मंगल कार्यालयांत फक्त भारतीय पद्धतीचं असतं. ते स्वतःहून कधी सांगणार नाहीत, आणि दिवसभर पाणी कमी पिऊन तसेच गायला बसतील.

पट्टी विचारण्याला पण कारण आहे. पट्टी म्हणजे गायक ज्या सुराला 'सा' धरून गातो तो सूर, आणि काळी एक, पांढरी दोन ही पेटीवरच्या पट्ट्यांची नावं. पुरुष गायक बहुतेक काळी एक, पांढरी दोनच्या आसपास गातात, बायकांची पट्टी काळी चार, काळी पाच. पुरुषांच्या पट्टीचा मोठा तानपुरा आणून ठेवला आणि ताई काळी चारच्या निघाल्या तर त्या तारा तिथपर्यंत ताणता ताणता तुटतात, नाहीतर जवारी, म्हणजे तारांचा घुमारा, बोलतच नाही. तबल्याचंही तसंच, उंच पट्टीला लहान तोंडाचा तबला लागतो. गावातल्या भजनी मंडळाचा तबला पंधरा मिनिटं ठोकून तिथं येणार नाही.

आठ दिवस आधी हॉलवर जा, आणि मागच्या बाजूनं जा

आपण हॉल बघायला जातो तेव्हा स्टेज बघतो, खुर्च्या मोजतो, बॅनर कुठं लागेल ते बघतो. मागं कुणीच जात नाही. तुम्ही आधी मागंच जा. कलाकारांना बसायला खोली कोणती, तिला आतून कडी लागते का, खिडकीला पडदा आहे का, आरसा, साडी-कुर्ता अडकवायला खुंटी, इस्त्रीला चालू प्लग, चांगला उजेड, बसायला सतरंजी आणि चार खुर्च्या दोन्ही. सतरंजी झटकून घ्या, वर्षभराची धूळ नेमकी गायकाच्या घशात जाते. खोलीत मंडळाचं सामान, बिसलरीचे बॉक्स, सत्काराचे नारळ ठेवू नका, कारण मग दर पाच मिनिटांनी कुणीतरी नारळ घ्यायला आत येतं.

आणि संडास-बाथरूम. यावर मी जरा जास्त लिहिणार आहे कारण एका गावी माझ्या डोळ्यांसमोर जे झालं ते आजही आठवलं की वाईट वाटतं.

पुण्याहून एक गायिका आल्या होत्या, सोबत तबला, पेटी आणि तानपुऱ्यावर दोन शिष्या. कार्यक्रम एका शाळेच्या हॉलमधे. तयारी खरंच चांगली होती, रांगोळी, समया, पाचशे लोक वेळेवर येऊन बसलेले. सुरू व्हायला वीसेक मिनिटं असताना ताईंनी एका कार्यकर्तीला हळूच विचारलं, तर मागच्या बाथरूमला कुलूप. बाहेरची मुलं घाण करतात म्हणून दुपारीच लावून टाकलेलं. चावी कुणाकडं तर शिपाई मामांकडं, आणि "मामा तर आत्ताच गेलेत की जेवायला, त्यांचा फोन पण लागंना". मग धावाधाव. एक जण मोटारसायकलवर मामांच्या घराकडं, दुसरा कुलूप तोडायला दगड शोधायला, आणि हे सगळं ताईंच्या समोर, मोठ्या आवाजात. शेवटी कुणीतरी म्हणालं की समोरच्या सरांच्या घरी चला. पण मागच्या गेटलाही कुलूप, म्हणून रस्ता एकच, हॉलमधून, लोकांच्या मधून. ताई भरजरी साडीत, मेकअप झालेला, त्या मधल्या वाटेनं निघाल्या तर लोकांना वाटलं कार्यक्रम सुरू झाला. लोक उभे राहिले, टाळ्या वाजवल्या. दोन-तीन जण पाया पडले. एकानं फोटोसाठी थांबवलं. त्या हसल्या, नमस्कार केला, फोटोपण दिला आणि गेल्या. परत येताना पुन्हा तेच. नंतर त्या अप्रतिम गायल्या, पण ग्रीन रूममधे आल्यावर त्यांच्या शिष्येच्या डोळ्यांत पाणी होतं ते मी बघितलंय. एवढ्या मोठ्या कलावंत बाईंना आपण कुठं नेऊन उभं केलं, आणि ते पण फक्त एका चावीपायी.

म्हणून आता जिथं माझा संबंध असतो तिथं हे ठरलेलं आहे. कलाकारांचं बाथरूम वेगळं, त्याला कुलूप असेल तर त्याची चावी आदल्या दिवसापासून आपल्या ताब्यात, शिपाई मामांच्या नव्हे, आणि डुप्लिकेट चावी बाईमाणूस असेल अशा एका कार्यकर्तीकडं. सकाळी एकदा धुवून घ्यायचं, कार्यक्रमाच्या तासभर आधी परत एकदा. आतून कडी, बल्ब, साबण, टॉवेल, झाकणाची कचरापेटी, आणि कपाटात सॅनिटरी पॅडचं पाकीट, न मागता ठेवायचं. पाण्याचं तर विचारूच नका, ज्या भागात 2016 साली मिरजेहून रेल्वेनं लातूरला पाणी आणावं लागलं तिथं नळाला पाणी असेलच असं धरून चालणं चूक आहे. वरची टाकी भरली का ते स्वतः वर चढून बघा, आणि तरीही दोन बादल्या आणि टिपाड भरून ठेवा. हॉलला बाथरूमच धड नसेल तर शेजारचं एक चांगलं घर आधीच सांगून ठेवा आणि तिथं जायची वाट मागच्या बाजूनं, लोकांच्या नजरेआड असेल अशी करून घ्या. लागलं तर मागच्या गेटसमोर कनात लावा, मंडपवाला लावून देतो.

प्रवास आणि मुक्काम

पुण्याहून लातूर किंवा अंबाजोगाई म्हणजे गाडीनं सहा-सात तास. सकाळी निघून संध्याकाळी गा असं कुणालाही म्हणू नका, जमलं तर आदल्या रात्री नाहीतर दुपारी बारा-एकपर्यंत ते मुक्कामी पोचले पाहिजेत. रेल्वेनं येणार असतील तर देवगिरी, नंदीग्राम, तपोवन या गाड्या उशीर करतात हे धरूनच स्टेशनवर माणूस ठेवा. अंबाजोगाईला रेल्वे नाही, परळीला उतरून पुढं यावं लागतं, असल्या गोष्टी मुंबईच्या माणसाला माहीत नसतात, त्या आधी सांगा.

गाडी पाठवताना माणसं मोजतो पण वाद्यं मोजत नाही. पुरुषी तानपुरा चार-साडेचार फुटांच्या पुढं असतो आणि त्याचा भोपळा म्हणजे खरोखरचा वाळवलेला भोपळाच, एका दणक्यात तडकतो. तो डिकीत बॅगांखाली जाणार नाही, टपावर तर कधीच नाही. पाच माणसं आणि दोन तानपुरे असतील तर दोन गाड्या करा.

लॉजची खोली पण आधी जाऊन बघा. खाली बारमधून रात्री आवाज येतो का, समोर मंगल कार्यालय आहे का, गरम पाणी किती ते किती. साथीदारांना पण तशीच खोली द्या. तबलजींना चार जणांत कॉमन रूम आणि ताईंना डीलक्स, असं केलं की ताईंनाच जास्त वाईट वाटतं, बोलत नाहीत एवढंच. जेवणाच्या पंगतीतही तसंच, साथीदार ड्रायव्हरांबरोबर शेवटी आणि मुख्य कलाकार पाहुण्यांबरोबर आधी, हे बंद झालं पाहिजे. खरं म्हणजे ड्रायव्हरलाही वेळेवरच वाढलं पाहिजे, रात्री परत गाडी तोच चालवणार आहे.

खाणंपिणं, इथं आग्रह आवरा

आपला आग्रह. तोच सगळ्यात जास्त नडतो.

डिसेंबर-जानेवारीत पाहुणे आले की सगळ्यात आधी सुचतो हुरडा. सकाळी शेतात न्यायचं, आगटीभोवती बसवायचं, गोवऱ्यांचा धूर, गार वारा, वर दही, लसणाची चटणी, गूळ. माणूस खूश होतोच. पण त्याच संध्याकाळी गाणं असेल तर घसा धरतो. हुरडा दुसऱ्या दिवशी ठेवा. मैफल झालेली असते, कलाकार मोकळे असतात आणि मग ते पण मनापासून खातात.

कार्यक्रमाच्या दिवशी दुपारचं जेवण साधं, वेळेवर आणि मुक्कामावर. पाच घरी चहाला फिरवू नका. येसर आमटी, ठेचा, भाकरी, आपल्याला अभिमान आहे आणि असावाच, पण तिखटाची सवय नसलेल्या माणसाला ते गाण्याआधी चार तास देणं म्हणजे पित्ताला आमंत्रण, आणि पित्त वर आलं की गळा जळजळतो. वरण-भात, फुलके, दुधीची किंवा दोडक्याची भाजी, विचारून ताक. बरेच गायक गाण्याआधी दोन-तीन तास काहीच खात नाहीत, काहींना उलट थोडं पोटात लागतं. सगळ्यांचं सारखं नसतं, म्हणून तर विचारायचं. उजनीची बासुंदी, कुंथलगिरीचा पेढा मैफलीनंतर.

पाण्याचं एक फार महत्त्वाचं. आपल्याकडं कार्यक्रम म्हटला की थंड पाण्याचा जार येतो, आणि पोरं कौतुकानं त्यातलंच गार पाणी आत नेऊन देतात. जारवाल्याला आधीच सांगा, एक जार साधा पाहिजे. शिवाय ग्रीन रूममधे एक थर्मास कोमट पाण्याचा, एक बिनसाखरेच्या काळ्या चहाचा, आणि वाटीत खडीसाखर, जेष्ठमध, लवंग, आल्याचे काप. स्टेजवर पण कोमट पाण्याचा छोटा थर्मास आणि झाकणाचा पेला, गायकाच्या उजव्या हाताला, माइकच्या वायरपासून लांब.

रात्रीच्या जेवणाचा घोळ तर सर्रास होतो. मैफल साडेअकराला संपते, पाहुणे आणि कार्यकर्ते मधेच जेवून घेतात, कलाकार तानपुरे गवसणीत घालून येतात तोवर पातेल्यात तळाचा भात आणि गार झालेल्या पोळ्या उरलेल्या असतात. हॉटेलं बंद. त्यांच्या ताटांचं जेवण सुरुवातीलाच वेगळ्या डब्यात काढून ठेवा, एका माणसाच्या जबाबदारीवर, आणि पोळ्या तेवढ्या गरम करायची सोय ठेवा. उन्हाळ्यात सकाळचं जेवण रात्री चालत नाही हे स्वयंपाक्याला पण सांगा, परभणी-नांदेडकडं एप्रिलमधे 42-43 डिग्री सहज असतं आणि भाजी संध्याकाळपर्यंत आंबते.

ग्रीन रूमच्या दारावर एक माणूस

कार्यक्रमाच्या दोन तास आधी साउंड चेक. त्यावेळी हॉल रिकामा पाहिजे. तानपुरे लावायला शांतता लागते, चांगले जुळायला अर्धा तासही जातो, आणि एवढ्यात मंडपवाल्यानं स्पीकरवर गाणी लावून ठेवली तर सगळं वाया. आणि तो कूलर. आपल्याकडं उन्हाळ्यात स्टेजच्या दोन्ही बाजूंना मोठे कूलर लावतात, त्याची ओली हवा सरळ तबल्यावर येते, तबल्याचं कातडं ओल धरून सैल पडतं आणि सूर उतरतो, मग तबलजी बिचारे दर दहा मिनिटांनी हातोडी घेऊन बसतात. कूलर प्रेक्षकांकडं फिरवा. स्टेजवर पंखा पण विचारूनच लावा. धूप, उदबत्ती, कापूर स्टेजजवळ नको, दीपप्रज्वलन झालं की समई बाजूला सरकवा, धूर गायकाकडं जातो.

साउंड चेक झाला की ग्रीन रूमचं दार बंद, आणि दारावर एक जण. तो नम्र पाहिजे पण ठाम पाहिजे, नगराध्यक्षांच्या पुतण्यालाही "साहेब, कार्यक्रमानंतर नक्की भेटवतो" म्हणता आलं पाहिजे. दार न वाजवता कुणीही आत जायचं नाही, फेटेवाला सुद्धा नाही. आत बाई आहेत, त्या साडी बदलत असतील, कुणी स्वर लावत बसलं असेल, कुणी नुसतं डोळे मिटून बसलं असेल. सेल्फी, मुलीचं गाणं ऐकवणं, जुनी ओळख सांगणं, हे सगळं नंतर.

सत्कार आणि भाषणं पंधरा मिनिटांत संपवा. उघड्यावर कार्यक्रम असेल तर रात्री 10 नंतर लाऊडस्पीकर चालत नाही, शासन वर्षातले ठरावीक दिवस 12 पर्यंत सूट देतं पण तो दिवस त्यात आहे का ते पोलीस स्टेशनला आधी विचारलं पाहिजे. सहाचा कार्यक्रम, पाहुणे साडेसातला आले, भाषणं साडेआठपर्यंत, आणि मग सातशे किलोमीटरवरून आलेल्या माणसाला सांगायचं की बुवा जरा आवरतं घ्या. ह्यापेक्षा पाहुण्यांशिवाय सुरू केलेलं बरं.

एवढं करूनही काही झालंच तर

होतं. लाइट जाते, गाडी पंक्चर होते, चहा साडीवर सांडतो. अशावेळी पहिलं म्हणजे गर्दी होऊ देऊ नका. नेमलेला माणूस आणि अजून एक, बाकी सगळे बाहेर. दुसरं, कलाकारांसमोर एकमेकांवर ओरडायचं नाही, "ह्याला सांगितलं होतं, त्यानं केलं नाही" हे त्यांना ऐकायची गरज नाही. सरळ म्हणायचं, "ताई, आमच्याकडून चुकलं, दहा मिनिटांत सोय करतो, तोवर कार्यक्रम पुढं ढकलतोय." आणि खरोखर पुढं ढकला. लोक थांबतात, आपल्याकडचा श्रोता फार समजूतदार आहे, माइकवरून एवढंच सांगा की पंधरा मिनिटांत सुरू करतोय. कारण सांगत बसू नका. त्या शाळेच्या हॉलमधे कुणी लोकांना दोन मिनिटं बाहेर चहाला बोलावलं असतं तरी ताईंना त्या गर्दीतून जावं लागलं नसतं.

नंतर तो किस्सा कुणाला सांगायचा नाही, ग्रुपवर तर नाहीच. कलाकाराची अडचण ही त्यांची खासगी गोष्ट आहे. मी वर लिहिलं त्यातही गाव, साल, नाव काहीच दिलं नाही ते यासाठीच.

मानधन आणि निरोप

ठरलेलं मानधन निघायच्या आधी, शक्यतो त्याच रात्री, खोलीत, शांतपणे. स्टेजवर पाकीट देऊ नका. साथीदारांचं वेगळं द्यायचं की एकत्र, हे आधी विचारलेलं असावं. टीडीएस कापणार असाल तर तो आकडा पहिल्या फोनलाच सांगा आणि पॅन तेव्हाच मागून घ्या, ऐनवेळी कमी रक्कम हातात पडली की फार वाईट दिसतं. "तिकिटं कमी गेली" हे कारण त्यांचं नाही, आपलं आहे. प्रवासखर्चाची बिलं मागत बसण्यापेक्षा तिकिटं आपणच काढून द्या.

रेकॉर्डिंगला हो म्हणाले असतील तरच ठेवा, फेसबुक लाइव्ह तर लेखी विचारल्याशिवाय नको, कायद्यानं पण आपल्या गाण्यावर कलाकाराचा हक्क असतो. फोटो मात्र चांगले निवडून दुसऱ्या दिवशी पाठवा.

पहाटे निघणार असतील तर थर्मासमधे चहा, धपाटे-दही किंवा साधी पोळी-भाजी बांधून द्या. शाली, हार, नारळ, ट्रॉफी एवढं ओझं होतं की नेता येत नाही, म्हणून एकच चांगली वस्तू द्या, पैठणची असेल, हिमरू शाल असेल, आणि ट्रॉफी टाळा. वाद्यं गाडीत ठेवताना स्वतः उभं राहून बघा. पोचल्याचा फोन त्यांनी करायची वाट बघू नका, आपणच करा. आणि त्यांनी काय खाल्लं, काय चाललं नाही, पट्टी कोणती, कमोड लागतो का, हे सगळं मंडळाच्या वहीत लिहून ठेवा, पुढच्या वर्षी कार्यकारिणी बदलते आणि नवीन पोरांना परत पहिल्यापासून विचारावं लागतं.